सोमवारची मोजणी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी जे केलं ते वाचताना कोणाला नवल वाटायचं नाही. संशोधनाला शांत डोक्याची माणसं लागतात, असं लोक म्हणतात. कोण लोक, देव जाणे. त्यांनी चार वर्षं धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून दाखवावं, मग शांतपणाचं बोलू.

मी बालाघाटची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि बाजारात दोन्हीची खिचडी. आई एक दिवस शाळेत गेलेली नाही, पण मी शिकावं म्हणून तिनं जे केलं ते लिहायला बसले तर वेगळं पुस्तक होईल. विहारात गेली की बाया तिला विचारायच्या, "पोरगी अजून शिकूनच राह्यली का?" आई म्हणायची, "हौ, अजून शिकूनच राह्यली." त्यात अभिमान किती आणि कंटाळा किती, हे मला कधी कळलं नाही.

माझं काम सांगायला सोपं होतं. आमच्या भागात पेरल्या जाणाऱ्या जुन्या धानाच्या बारा जाती घ्यायच्या. एका मोठ्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतात, त्यांचे लहान लहान प्लॉट पाडून रोवणी करायची. पऱ्हे लावून झाले, म्हणजे धानाची रोपं चिखलात रोवून झाली, की बांधीत पाणी भरून ती पुरती बुडवून ठेवायची. दहा दिवसांनी पाणी काढायचं, आठवडाभर थांबायचं आणि ठरलेल्या दिवशी मोजायचं: कोणत्या जातीची किती रोपं जगली, किती मेली. वैनगंगेला पूर आला की काठच्या गावांत पऱ्हे सडतात. कोणता धान पाण्याखाली दम धरतो हे कळलं तर त्या लोकांचं भलं होईल, असा माझा साधा हिशोब.

मेलेल्या रोपाच्या रिकाम्या जागेला आमच्याकडे नांगी म्हणतात. शेतकऱ्याला नांगी म्हणजे डोळ्यात खुपणारी गोष्ट. माझं उलटं होतं. माझी अख्खी पीएचडी त्या नांग्यांवर उभी होती, कारण जितक्या नांग्या तितकी ती जात पाण्यात कच्ची. मोजणीचा दिवस ठरलेला असे. फार तर एखादा दिवस मागंपुढं. त्याहून उशीर झाला की अर्धमेली रोपं एक तर उठून उभी राहतात, नाहीतर कुजून दिसेनाशी होतात, आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

पहिल्या वर्षी म्हशी शिरल्या. कोणाच्या म्हशी, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी कालव्याला ऐन वेळी पाणी आलं नाही, वरूनही आलं नाही. बुडवायचं कशात? माझ्या घामात? तिसरं वर्षही असंच वाया गेलं. चौथ्या वर्षी विद्यापीठानं लिहून कळवलं की हा शेवटचा हंगाम. हे आकडे आले तर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे चार वर्षं, आईची उमेद आणि माझी तिशी, सगळं एका बांधीवर येऊन ठेपलं होतं. ती बांधी रामपायलीजवळ होती, माझ्या कॉलेजनं प्रयोगासाठी भाड्यानं घेतलेली.

त्या वर्षी मात्र सगळं जमून आलं. रोवणी गावातल्याच बायांच्या टोळीनं केली. कॉलेजचं काम दरवर्षी तीच टोळी करायची. टोळीची मुख्य एक साठीच्या आसपासची बाई होती, अंगानं काटक आणि आवाजानं खणखणीत. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला मॅडमबाई. दोरी लावून सरळ ओळीत रोवायला मी तिला शिकवलं, आणि पऱ्हे मुठीत कसे धरले म्हणजे मुळं दुखावत नाहीत हे तिनं मला. उरलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीच्या कोपऱ्यात, पाणी चढणार नाही अशा जागी, चिखलात टेकवून ठेवल्या होत्या. बाराही जातींच्या, एकमेकींत मिसळलेल्या. कशाला ठेवल्या, असं मी विचारलं नाही. उरलेले पऱ्हे आमच्याकडे कोणी फेकत नाही, एवढंच.

पाणी भरलं, दहा दिवस ठेवलं, काढलं. मोजणी सोमवारी होती.

शनिवारी संध्याकाळी मेल आला. पहिल्या दोन वर्षांत जे थोडंफार हाती लागलं होतं त्यावर मी एक शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला होता. सात महिने त्यांनी तो ठेवून घेतला आणि दोन ओळींत परत केला. विषय फारच स्थानिक आहे, म्हणे. अरे, धान काय हवेत उगवतो? कुठंही उगवला तरी तो कुठल्या तरी एका जागीच उगवणार ना! तळपायाची आग मस्तकात गेली. मी मेल पुन्हा वाचला, मोबाईल उशीखाली घातला आणि पांघरूण डोक्यावरून ओढलं.

आता जे सांगते ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. रविवार मी झोपून काढला. सोमवारी सहाला गजर झाला. सातची बस होती. वही, पेन, मोजणीचे तक्ते, सगळं पिशवीत आदल्या आठवड्यापासून भरून ठेवलेलं. मी गजर बंद केला आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहत पडून राहिले.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय झालं व? ताप हाये का?"

"नाही."

"मंग?"

"तो निबंध परत पाठवला त्यायनं."

"परत पाठवला म्हंजे काय झालं? मेलं का कोनी? ऊठ, पोहे खाऊन घे. आज तुह्यं रामपायलीचं काम होतं ना?"

"उद्या जाईन."

मंगळवारी म्हटलं, आज काय नि उद्या काय. ज्यांना स्थानिक नको त्यांच्यासाठी कशाला चिखल तुडवायचा? बुधवारी तर मी काहीच म्हटलं नाही. आई ताट आणून ठेवायची, मी अर्धं खायचे, ती उचलून न्यायची. मला ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं, पाय धड होते. मी रुसले होते. कोणावर, तेही धड ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांची बाई, शेवटचा हंगाम, आणि ऐन मोजणीच्या दिवशी ती रुसून बसली. आज लिहितानाही कान गरम होतात.

गुरुवारी सकाळी आपोआप जाग आली आणि मी बोटांवर दिवस मोजले. तीन दिवस उशीर! तरी म्हटलं, अगदीच हातचं गेलं नसेल. घट्ट उभी रोपं जगलेली धरू, सैल ती मेलेली, तळटीप देऊन निभावून नेऊ. पळत बस पकडली. वारासिवनीला बदलली आणि रामपायलीला उतरून भराभर चालत बांधीवर पोचले.

मावशी आणि चार-पाच जणी शेजारच्या शेतात निंदत, तण काढत होत्या. तिनं मला लांबूनच पाहिलं आणि हाक दिली, "आली व मॅडमबाई! घरी बरं हाये ना सगळं?"

मी बांधीकडं पाहत होते. बारा जाती, छत्तीस प्लॉट, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं भरलेलं. एकही जागा रिकामी नाही. पाण्यात सगळ्यात कच्ची निघणार असा जिचा मला पक्का अंदाज होता, त्या जातीचे प्लॉटसुद्धा दाट हिरवे. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, जागच्या जागी थांबले.

मावशी विळा कमरेला खोचून आली. चेहरा हसरा. "मावशी, हे काय हाये?" मी विचारलं.

"नांग्या भरल्या. काल आमी साऱ्या जनी येऊन भरून टाकल्या. कोपऱ्यात पऱ्हे उरले होते ना, तेच लावले. पाह्य आता, एक बी जागा खाली नाही."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मराठीतून सुरू झाले, हिंदीत गेले, पुन्हा मराठीत आले. कोणी सांगितलं होतं तुमाले? कोनाले विचारलं? चार साल की मेहनत है मेरी! मी म्हटलं, तुमाले काही समजते का, काय असते अन् काय नसते? अडानी त अडानीच राहान तुम्ही! शेजारच्या शेतातल्या बाया निंदणं थांबवून उभ्या राहिल्या. मी एवढ्या मोठ्यानं बोलत होते की रस्त्यानं मोटरसायकलवर जाणाऱ्या माणसानं गाडी हळू केली.

मावशीच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. ते आधी तसंच राहिलं, कारण तिला कळत नव्हतं, आणि मग हळूहळू उतरलं. "चुकलं का व?" ती म्हणाली. मी पाठ फिरवली. थोड्या वेळानं ती बायांकडं परत गेली आणि त्या पुन्हा निंदू लागल्या.

दोन तास मी बांधीत उतरून नवं रोप कोणतं नि जुनं कोणतं हे शोधत राहिले. नवं थोडं पिवळट, मुळाशी सैल. पण पाण्यातून वाचलेली जुनी रोपंही पिवळट आणि सैलच होती. निम्म्यांबद्दल खात्री नाही म्हटल्यावर मोजण्यात काय अर्थ? शेवटी चिखलानं भरलेल्या हातांनी धुऱ्यावर बसले आणि रडले. रागानं रडले. मावशीवर, टोळीवर, त्या मेलवर, सगळ्या जगावर. स्वतःचं नाव त्या यादीत घ्यायला मी तयार नव्हते.

संध्याकाळी गाइडना फोन केला. सर दुसऱ्या शहरात, विद्यापीठात. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हाताखाली आठ विद्यार्थी होते आणि प्रत्येकाचं काहीतरी बुडत असायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काउंटिंग कब थी?"

"इसी हफ़्ते, सर," मी म्हटलं.

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं.

"तो फिर इसमें तुम्हारी क्या गलती? लेबर की लापरवाही है. उनसे एक काग़ज़ पर लिखवा लो कि बिना पूछे भर दिया, साइन या अंगूठा ले लो. मैं एक्सटेंशन के लिए लगा दूँगा. ऐसे केस में एक सीज़न और मिल जाता है."

जीव भांड्यात पडला. रात्री पोटभर जेवले. मात्र एक गोष्ट मला माहीत होती आणि सरांना ती आठवली नसावी, किंवा आठवूनही त्यांच्या लेखी मोठी नसावी. एखाद्या टोळीच्या नावावर लापरवाहीची नोंद झाली की कॉलेज त्या टोळीला पुन्हा कामावर बोलवत नसे.

रविवारी कोरे कागद घेऊन रामपायलीला गेले. मावशीचं घर गावाच्या टोकाला, दारात मोठं चिंचेचं झाड. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. गुरुवारचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. चहा पिऊन झाल्यावर मी विचारलं, आणि विचारताना सूर चौकशीचाच होता, "मावशी, तुम्ही भरायले गेल्याच कशाला?"

"तू सोमवारी आली नाही," ती म्हणाली. "मंगळवारी बी आली नाही. आमी म्हनलं, हे पोरगी त पानी असो का चिखल असो, म्हनलेल्या दिवशी येतेच. नाही आली म्हंजे घरी काही झालं. कोनी गेलं असन, नाही त आई दवाखान्यात असन. आमच्या इथं ज्याच्या घरी दुख पडते ना, त्याच्या बांधीतल्या नांग्या आमी भरून देतो. मजुरी घेत नाही, त्या घरचा चहा बी घेत नाही. अन् विचारत त नाहीच. दुखातल्या मानसाले काय विचाराचं? त्याचं चित्त ठिकानावर असते का?"

पाच-सहा बायांनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात काम करून, परत येताना वाकून वाकून माझी बांधी भरली होती. फुकट. माझ्या घरी कोणी मेलं असेल म्हणून. आणि मी घरी पंख्याखाली पडले होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले ते हे, की मावशी, विद्यापीठाले एक कागद द्यावा लागते, तुम्ही न विचारता नांग्या भरल्या असा. नाही त माह्यं नाव कटते.

"नाव कटते म्हंजे?"

"शिक्षणच बंद. चार वर्षं पाण्यात."

"अगं बाई!" तिनं गालावर हात ठेवला. "त मंग लिव ना. आमीच भरल्या, खोटं कुठी हाये त्याच्यात?"

"मावशी, असं लिहिलं त कॉलेजवाले पुढच्या वर्षी तुमाले बोलावणार नाहीत."

एवढं तरी मी सांगितलं. तिनं रिकामे कप उचलून बाजूला ठेवले. कॉलेजचं काम म्हणजे मजुरी वेळेवर, आणि मुकादमाची शिवीगाळ नाही. बाकीच्या बायांनाही तिला सांगावं लागणार होतं. मग ती म्हणाली, "दुसरीकडं करू. काम का कमी हाये? तुह्यं शिक्षन त एकच हाये."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती. मी लिहायला पेन उघडलं तर तिनंच ते हातातून घेतलं, कोरा कागद मांडीवरच्या ताटावर ठेवला आणि खालच्या बाजूला, एकेक अक्षर थांबत थांबत, सही केली. "वरतं काय भराचं ते तू भर घरी जाऊन," ती म्हणाली. "तुह्यी बस निंघून जाईन."

कोरा सही केलेला कागद घेऊन मी बालाघाटला आले. त्यावर मी काय वाटेल ते लिहू शकत होते. तीन दिवस तो टेबलावर पडून राहिला. सरांचा फोन आला, मी म्हटलं, हो सर, पाठवतेच. लिहायला बसायचे, "हम मज़दूरों की गलती से" एवढे शब्द मनात जुळवायचे आणि उठून भांडी घासायला लागायचे. भांड्यांचा आवाज एवढा व्हायचा की शेवटी आईच आत आली. टेबलावरचा कागद तिनं पाहिला. वाचता येत नसलं तरी सही तिला ओळखू येते.

"कोनाची सही हे?"

मी सगळं सांगितलं. सोमवार, नांग्या, दुःखाच्या घराची रीत, माझा आरडाओरडा, कागद. काही लपवलं नाही. मला वाटलं, ती म्हणेल, लिही बाई एकदाचं आणि मोकळी हो. चार वर्षं तीच तर विहारातल्या बायांना तोंड देत होती.

आईनं एवढंच विचारलं, "अडानी म्हनलं तू तिले?"

आणि ती भाजी चिरायला निघून गेली.

त्या दिवशी दुपारी मी कागद भरला. सहीच्या वरच्या जागेत सरकारी हिंदीत, सुटसुटीत. मोजणी सोमवारी ठरलेली होती. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मी शेतावर गेले नाही. मी आजारी नव्हते, सबळ कारण काही नव्हतं. मी आले नाही म्हणून माझ्या घरी संकट आहे असं समजून मजूर बायांनी गावच्या रीतीप्रमाणे रिकाम्या जागा विनामूल्य भरल्या. यात त्यांचा दोष नाही. खाली उजवीकडं माझी सही, आणि मावशीच्या सहीवर एकच शब्द: साक्षी.

पुढं काय झालं, ते आधी सांगून टाकते. सरांना मजकूर फोनवर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "ये मत भेजो." मी म्हटलं, भेजूँगी, सर. ते चिडले, फोन ठेवला, आणि कागद हाती पडल्यावर त्यांनीच तो विद्यापीठाच्या समितीपुढं ठेवला. समितीनं मला बोलावलं. पाच जण टेबलापलीकडं, मी अलीकडं. एकानं विचारलं, तीन दिन कहाँ थीं? मी म्हटलं, घर पर. पेपर रिजेक्ट हुआ था, सोती रही. एक जण हसला. टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मैं एक बार ग्यारह दिन सोया था." मग सगळेच जरा सैल झाले. एक हंगाम मिळाला. पण हलगर्जीपणाचा शेरा माझ्या फायलीत बसला आणि तो तिथंच आहे. पुढं मी नोकरीच्या एका मुलाखतीला गेले तेव्हा त्याबद्दल विचारलंही. टोळीचं काम गेलं नाही.

पुढच्या वर्षीची मोजणी मी दिवसाच्या दिवशी केली. प्रबंध झाला. निबंध अजूनही परत येतात आणि वाईट दिवस अजूनही येतात. आले की पांघरूण मी अजूनही घेते. नाही घेत म्हटलं तर खोटं होईल. फरक एवढाच की आता आधी फोन करते. ज्याला ज्याला माझी वाट पाहायची आहे त्याला सांगते, की आज मी येत नाही, घरी सगळे बरे आहेत, मीच येत नाही. मग खुशाल पडून राहते. तरुण मुलं येतात, विचारतात, मॅडम, असं सगळं फसलं की काय करायचं? मी हेच सांगते. त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं, त्यामुळं त्यांचा हिरमोड होतो.

पण समितीच्या आधी एक काम होतं. सही तिची, तिनं ती कोऱ्या कागदावर केलेली. वर काय लिहिलं हे तिला वाचून दाखवल्याशिवाय तो कागद पुढं पाठवायची माझी छाती झाली नाही. म्हणून कागद भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रामपायलीला गेले. ती एकटीच शेतात होती, बाकीच्या बाया जेवायला धुऱ्यापलीकडं झाडाखाली बसलेल्या. मी बांधीच्या कडेला उभी राहून वाचलं, हिंदीत एक वाक्य आणि मग त्याचं आमच्या बोलीत. तिनं विळा खाली ठेवून सगळं ऐकलं.

"म्हंजे तुह्या घरी कोनी गेलं नोतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आई?"

"बरी हाये."

"अन् तू बी बिमार नोती."

"नाही मावशी. रुसून घरी पडली होती."

तिनं मान हलवली. कळलं, अशी. मग पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं पाहून म्हणाली, "मंग त्या दिवशी मले कायले बोलली व एवढं? साऱ्या बायांसमोर?"

इतके दिवस तिनं ते धरून ठेवलं होतं. चहा दिला तेव्हा, सही केली तेव्हा, काम जाईल हे ऐकलं तेव्हाही. आपलीच चूक होती म्हणून, हे खरं उत्तर होतं. ते तोंडातून काढण्याआधी मी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"चुकलं माह्यं, मावशी. अडानी म्हनलं, ते त लयच चुकलं."

आमच्याकडं असं कोणी म्हटलं की समोरचं माणूस लगेच म्हणतं, जाऊ दे व, होते असं. मीही त्याचीच वाट पाहत उभी होते.

"हौ," ती म्हणाली. "चुकलं." आणि विळा उचलून निंदायला वाकली.